गुरुपुष्यामृतावर चार्जर

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी संपली. आजपासून रोजनिशी. थोडक्यात लिहायची. कामाची माणसं थोडक्यातच लिहितात. गेल्या वर्षीची रोजनिशी जानेवारीतच थांबली, पण त्याला कारण पेन होतं.

मुख्य बातमी. वैष्णवीचं लग्न ८ डिसेंबरला, रविवारी दुपारी, अकलूजला. वैष्णवी म्हणजे वैजयंतीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. इंजिनीअरिंगची चार वर्षं ती सोलापुरात आमच्याकडे राहिली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात तेवढीच काय ती वर्दळ होती. मैदानावर माझं रिमोटचं विमान हाताने हवेत सोडायचं काम तिचं. आता ती पुण्यात नोकरी करते आणि विमान वैजयंती सोडते. डोळे मिटून सोडते.

साखरपुड्यात माझे साडू, म्हणजे वैष्णवीचे वडील मानसिंगराव, चारचौघांत म्हणाले, हेलिकॉप्टरमधनं फुलं टाकायचा इचार हुता, पर परवानगीची लई भानगड. मी तिथल्या तिथे उठून उभा राहिलो आणि सांगितलं, पुष्पवृष्टी माझ्याकडे लागली. माझं 'चंडोल' विमान टाकेल. साडूंच्या तोंडावर मी प्रथमच आदर पाहिला. वैजयंती म्हणते त्यांच्या तोंडात पेढा होता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पतसंस्थेत काम कमी होतं. जेवणाच्या सुट्टीत विमानाचा सगळा संच डोळ्यांसमोर आणला. चंडोल: थर्माकोलचं, हाताएवढ्या पंखांचं, पोटाखाली फुलांचा डबा. डबा उघडायचं बटण रिमोटवर. रिमोट उत्तम. बॅटऱ्या दोन, उत्तम. चार्जर उत्तम.

चार्जरबद्दल थोडं लिहून ठेवतो, कारण लोकांना वाटतं तो मोबाईलच्या चार्जरसारखा असतो. हा डब्यासारखा आहे, त्याला स्क्रीन आहे, मेन्यू आहे. या लिथियम बॅटऱ्या लाडाच्या. पूर्ण भरून ठेवल्या तर फुगतात, रिकाम्या ठेवल्या तर मरतात. म्हणून चार्जरला तीन कामं येतात: पूर्ण भरणे, रिकामी करणे आणि न वापरता ठेवायची असेल तर अर्धी भरून सोडणे. याला ठेवणीचं चार्जिंग म्हणतात. माझा चार्जर ही तिन्ही कामं घेतल्यापासून विनातक्रार करतोय.

तर आज सहज कंपनीची वेबसाईट पाहिली. माझ्या चार्जरमधलं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या डोक्यातला प्रोग्राम, फार जुना निघाला. नवीन कधीच आलंय. नव्यात काय आहे तर 'सुधारणा'. कसल्या सुधारणा ते लिहिलेलं नाही, म्हणजे बऱ्याच असणार.

लग्नाआधी अपडेट करायचं ठरवलं.

घरी वैजयंतीला सांगितलं. ती म्हणाली, चालतंय न्हवं ते? मी म्हटलं, चालतंय. ती म्हणाली, मग? बायकांना तंत्रज्ञानात हा 'मग' फार आडवा येतो.

१० नोव्हेंबर, रविवार

विजापूर रोडकडच्या मोकळ्या मैदानावर सराव. बरोबर शेजारचे चनमल्लप्पा. त्यांचं चादरींचं दुकान आहे, रविवारी दुपारपर्यंत बंद असतं. ते ग्राउंड स्टाफ म्हणून येतात, म्हणजे सावलीत उभं राहून घरच्यांशी फोनवर कन्नडमध्ये बोलतात आणि विमान पडलं की मला मराठीत सांगतात.

डब्यात झेंडूच्या पाकळ्या भरल्या. पहिली फेरी अप्रतिम. बटण दाबलं, पाकळ्या पडल्या, वाऱ्याने थोड्या सरकल्या आणि चनमल्लप्पांच्या स्कूटरवर सडा झाला. निशाणी जिथे लावली होती तिथून स्कूटर बरीच लांब होती, पण वारा हा माझा विषय नाही. लग्नात वाऱ्याचा हिशेब धरेन.

दोन्ही बॅटऱ्या संपवल्या. चार्ज केल्या नाहीत. नव्या फर्मवेअरनेच भरायच्या असा निश्चय.

संध्याकाळी वैष्णवीचा फोन. म्हणाली, काका, एक विचारायचं होतं. मी म्हटलं, आधी माझं ऐक, आणि तिला अपडेटची पूर्ण योजना सांगितली. तिने शांतपणे ऐकलं. मग तिच्या कंपनीतून फोन आला. तिला काय विचारायचं होतं ते राहिलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अपडेटची पूर्वतयारी. चार्जर वायरने कॉम्प्युटरला जोडायचा असतो. ऑफिसातून आल्यावर जोडला. कॉम्प्युटर म्हणतो, मला काहीच दिसत नाही. वायर बदलली. दिसत नाही. घरातल्या सगळ्या वायरी बदलून झाल्या. शेवटी इंटरनेटवर कळलं की काही वायरी फक्त वीज नेतात, निरोप नेत नाहीत. आमच्या घरातल्या सगळ्याच तशा निघाल्या.

चनमल्लप्पांकडून निरोप नेणारी वायर आणली. तरी दिसेना. टॉर्च लावून चार्जरचं भोक पाहिलं. आत हळदकुंकू. खंडेनवमीला मी घरच्या सगळ्या यंत्रांबरोबर चार्जरचीही पूजा केली होती आणि भक्तिभावात जरा सढळ हाताने वाहिलं गेलं असावं. वैजयंतीची सेफ्टी पिन घेऊन अर्धा तास उकरलं. अक्षतांचा एक दाणाही निघाला.

आता दिसतंय. कॉम्प्युटरने चार्जरचं नाव इंग्रजीत दाखवलं तेव्हा फार बरं वाटलं. वैजयंतीला बोलावून दाखवलं. तिने पिन परत मागितली.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज करून टाकणार होतो. चनमल्लप्पा म्हणाले, एवढं मोठं काम, असंच कुठल्याही दिवशी करता काय वो? आमी नवीन गिऱ्हाईकाचं पहिलं बिलबी दिवस बघून फाडतो. मी विज्ञानवादी माणूस आहे. पण त्यांचं मन मोडवेना. पंचांग काढलं. येत्या गुरुवारी, २१ तारखेला, गुरुपुष्यामृत. दुपारी साडेतीनपर्यंत. याहून चांगला दिवस वर्षात नाही. पतसंस्थेत रजेचा अर्ज टाकायचा. कारण: घरगुती कार्य.

रात्री जेवताना वैष्णवीचा फोन. अपडेटची तारीख सांगितली. ती म्हणाली, काका, चालू असलेल्या सिस्टीमला मोठ्या कामाच्या तोंडावर हात लावत नाहीत. आमच्या ऑफिसात तर शुक्रवारीसुद्धा अपडेट करू देत नाहीत. मी म्हटलं, मी कुठे शुक्रवारी करतोय, गुरुवारी करतोय. पोरगी हुशार आहे, अनुभव कमी पडतो.

मग फोन वैजयंतीकडे गेला. बराच वेळ दोघी हळू आवाजात बोलत होत्या. नंतर वैजयंतीने सांगितलं. माझ्या सासऱ्यांना दोन मुलीच, त्यामुळे वैष्णवीला मामा नाही. लग्न लागताना मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मानसिंगरावांनी त्यांच्या भावकीतला कोणी बघितला होता. वैष्णवीने नको म्हणून सांगितलं. म्हणाली, माझ्या मागं सोलापूरचं काका उभं राहतील.

हे ऐकून मी भाकरी मोडायची थांबलो. ठेच्यात मिरची जास्त होती.

मग विचार केला. मामा म्हणून उभं राहायला कौशल्य लागत नाही. कोणीही दोन पायांचा माणूस उभा राहू शकतो. विमान मात्र मलाच येतं. वैजयंतीला तसं सांगितलं. ती भांडी घासायला गेली. आज भांडी फार वाजली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. गुरुपुष्यामृत.

सकाळी ९.४०. रजा मंजूर. अंघोळ, देवपूजा झाली. चार्जर पाटावर. या वेळी हळदकुंकू नुसतं झाकणावर. नारळ फोडला. चनमल्लप्पा दुकान उघडायचं सोडून साक्षीला आलेत.

१०.२०. बटण दाबलं. कॉम्प्युटरवर निळी पट्टी सरकू लागली. खाली लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलंय की काम चालू असताना वीज किंवा वायर तुटू देऊ नका, चार्जर कायमचा बिघडेल. अशा धमक्या कंपन्या लिहितातच.

१०.२६. अर्ध्याच्या पुढे. पेढे आणायला हवे होते.

१०.२८. लाईट गेली.

१०.३०. काळजी नाही. कॉम्प्युटरला यूपीएस आहे.

१०.३१. यूपीएसची बॅटरी मी दिवाळीत काढून आकाशकंदिलाला लावली होती. वैजयंतीने तेव्हा विचारलं होतं, ती परत लावणार का. लावणार होतो.

११.००. चनमल्लप्पा म्हणाले, आज गुरुवार की वो. आपल्या भागात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, दुपारपर्यंत येत न्हाई. तुमी हापिसात असता, तुमाला कसं म्हाईत असणार. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर आधी का बोलला नाहीत. ते म्हणाले, मीबी त्या येळंला दुकानात असतो.

गुरुपुष्यामृत गुरुवारीच येतं. त्याला इलाज नाही.

दुपारी ३.३५. लाईट आली. पंचांगातला पुष्य पाच मिनिटांपूर्वी संपला. चार्जर लावला. त्याच्या आतला पंखा फिरतो. स्क्रीन काळी. एक लांब बीप वाजतो आणि थांबत नाही. शेवटी प्लग काढला.

आजची नोंद: अपडेट बऱ्याच अंशी यशस्वी. अर्ध्याहून जास्त नवीन फर्मवेअर आत गेलेलं आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निश्चय: घाबरायचं नाही. इंटरनेटवर एक उपाय सापडला. बटण दाबून धरून प्लग लावायचा. धरलं. बीप. दोन बटणं धरली. बीप. वैजयंतीला प्लग लावायला सांगितलं आणि मी दोन्ही हातांनी चारही बटणं धरली. बीप थांबला. नंतर कळलं की फ्यूज उडाला होता.

वैजयंतीने सुचवलं, मानसिंगभावजींनी लग्नाच्या शूटिंगला ड्रोनवाला ठरवलाय, त्याच्याकडं अशा बॅटऱ्यांचा चार्जर असतोय की. त्याला मागू. मी स्पष्ट सांगितलं, साडूने ठरवलेल्या माणसाच्या विजेवर माझं विमान उडणार नाही. माझंही काही आहे.

ती म्हणाली, मग नवा घ्या. मी म्हटलं, जुना बिघडलेला नाही, तो मधल्या अवस्थेत आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीला ईमेल केला. इंग्रजी कडक ठेवलं. 'मी गेली काही वर्षं आपला निष्ठावान ग्राहक असून' अशी सुरुवात केली. आपल्या पतसंस्थेच्या नोटिसा मीच लिहितो, त्यामुळे हात बसलाय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीचं उत्तर. 'प्रिय मित्रा, चिंता करू नको, कृपया व्हिडिओ पाठव.' मला कोणी प्रिय मित्र म्हटल्याला बरीच वर्षं झाली.

संध्याकाळी व्हिडिओ केला. मोबाईल चनमल्लप्पांच्या हातात, मी चार्जरसमोर. मी इंग्रजीत बोलत असताना कुकरच्या शिट्ट्या झाल्या. चनमल्लप्पांनी मोबाईल स्वयंपाकघराकडे वळवला आणि वैजयंतीला विचारलं, आमटी आज तुरीची का? ते सगळं आलंय. पुन्हा काढायला वेळ नव्हता. पाठवला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तर: 'छान कुटुंब आहे. चार्जर मात्र नीट दिसत नाही. तरी ही फाईल वापर.' सोबत फाईल. माणसं चांगली आहेत.

काम परवा रविवारी करायचं. रविवारी लाईट जात नाही हे लाईनमनला फोन करून पक्कं केलं. मुहूर्त या वेळी पाहणार नाही. मनातल्या मनात पाहिला, चांगला आहे.

१ डिसेंबर, रविवार

जिंकलो. चार्जर चालू झाला. निळी पट्टी शेवटपर्यंत गेली, स्क्रीन उजळली, गोड आवाज आला. मी खुर्चीवरून उठून वैजयंतीचा हात हातात घेतला. तिचा हात कणकेचा होता.

एकच बारीक गोष्ट. स्क्रीनवर आता सगळं चिनी अक्षरांत येतं. कंपनीला विचारलं. उत्तर लगेच आलं: इंग्रजी लवकरच येत आहे, प्रिय मित्रा.

काही बिघडत नाही. मेन्यू मला तोंडपाठ आहे. सगळ्यात वर पूर्ण भरणे, मध्ये रिकामी करणे, खाली ठेवणीचं चार्जिंग. वैजयंती म्हणाली, मोबाईलचा कॅमेरा त्याच्यावर धरला की मराठीत वाचून दावतंय, वैष्णवीनं मला शिकवलंय. धरू का? मी म्हटलं, ज्याला येत नाही त्याने धरावा.

४ डिसेंबर, बुधवार

पहिली बॅटरी लावली. सगळ्यात वरचं बटण. चार्जरने आवाज केला, आकडे पळू लागले. मी पाहत बसलो. इतकं समाधान पगारवाढीतही मिळालं नव्हतं.

पूर्वीपेक्षा निम्म्या वेळात बॅटरी 'झाली' म्हणून चार्जर वाजला. मेन्यूत हिरवी खूण. हेच ते, सुधारणा. आकडा मात्र पूर्वी पूर्ण भरल्यावर यायचा त्याहून कमी आहे. थोडा विचार केला. नवीन फर्मवेअरचं मोजणं जास्त काटेकोर असणार. पूर्वीचा चार्जर फुगवून सांगायचा.

दुसरीही तशीच भरली. दोन्ही वेगळ्या डब्यात, कापसात ठेवल्या. चाचणी उड्डाण करायचं नाही. चार्ज लग्नासाठी जपायचा.

५ डिसेंबर, गुरुवार

लाईट नव्हती. आता मला माहीत आहे.

संध्याकाळी वैष्णवीने थेट मलाच फोन केला. या वेळी तिने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, काका, तुम्ही माझ्या मागे मामा म्हणून उभे राहा. विमान नाही उडलं तरी चालेल. मला फुलांचं काही नाही. चार वर्षं तुम्ही रोज सकाळी मला स्टँडवर सोडायला आलात, तेवढंच हवंय, मागे उभे राहा.

तिला रस्त्याच्या गर्दीची भीती वाटायची म्हणून मी सोडायला जायचो. ती विसरली असेल असं मला वाटलं होतं.

तिला शब्द दिला. दोन्ही करणार. योजना अशी: नवरी मांडवात येताना पुष्पवृष्टी. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत विमान उतरवायचं, रिमोट चनमल्लप्पांकडे द्यायचा, फेटा बांधून तिच्या मागे उभं राहायचं. सगळं मिळून भरपूर वेळ उरतो. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, मी आजवर वेळ चुकवलीय का? ती हसली. का हसली ते विचारायचं राहिलं.

७ डिसेंबर, शनिवार. अकलूज.

हळद झाली. मांडव साडूंच्या घरामागच्या मोकळ्या रानात. मांडवाच्या पलीकडे ऊस, माणसाच्या दुप्पट उंचीचा. मानसिंगराव म्हणाले, टोळी सोमवारी येतीय तोडायला, लग्नात ऊस उभा असला म्हंजी शोभा दिसती. वारं बिलकूल नाही. हवामान माझ्या बाजूने.

साडूंनी मांडवात मोठा एलईडी पडदा लावलाय. ड्रोनवाला वरून जे टिपेल ते पडद्यावर लगेच दिसणार. मला म्हणाले, सयाजीराव, त्या ड्रोनलाबी फुलांची पिशवी बांधता येतीय म्हणं, तुमचं न्हाईच जमलं तर. मी शांतपणे सांगितलं, त्याची गरज पडणार नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. थाप जरा जोरात होती.

मामाचा मानाचा फेटा त्यांनी मला दाखवला. केशरी, जरीचा. खुर्चीवर ठेवलाय. म्हणाले, पोरगी तुमचंच नाव घेतीय. त्यांच्या आवाजात मला थोडं वाईट वाटल्यासारखं ऐकू आलं. बापाचा जीव.

८ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.

फुलं भरली. झेंडू, गुलाब, शेवंती. चनमल्लप्पा तयार, त्यांनी नवीन कुर्ता घातलाय. वैष्णवीने खिडकीतून पाहून अंगठा दाखवला. फेटा बांधूनच उडवतो, म्हणजे नंतर वेळ जायला नको.

बाकी संध्याकाळी लिहितो.

१० डिसेंबर, मंगळवार. सोलापूर.

परवा संध्याकाळी लिहिलं नाही. काल टोळीबरोबर होतो, ते खाली लिहितो.

विमान उत्तम उडालं. हे मला आधी लिहायचंय. वैष्णवी घरातून बाहेर पडली तेव्हा चंडोल मांडवावरून एक फेरी मारून आलं. सगळे वर बघत होते. मानसिंगरावांनी टाळ्या वाजवल्या, मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या फेरीला फुलं टाकायची होती. विमान वळलं, मांडवाकडे तोंड केलं आणि त्याची ताकद गेली. रिमोट ओरडायला लागला की बॅटरी संपली. मी बटण दाबेपर्यंत ते मांडवाच्या वरून पलीकडे गेलं आणि उसात उतरलं.

बॅटऱ्या अर्ध्याच भरल्या होत्या. नव्या फर्मवेअरने मेन्यूची रांग बदललीय. सगळ्यात वर आता ठेवणीचं चार्जिंग आहे. हे मला काल वैजयंतीने मोबाईलचा कॅमेरा धरून वाचून दाखवलं. तिने आवाज चढवला नाही.

मी विचार केला, मंगलाष्टकांना अजून वेळ आहे. धावत जाऊन विमान आणतो, फुलं निदान हाताने टाकतो. चनमल्लप्पा म्हणाले, ऱ्हाऊ द्या वो, आधी मांडवात चला. मी म्हटलं, दोन मिनिटं. आणि उसात शिरलो.

उसात सरळ चालता येत नाही. उसाच्या ओळींमधली सरी आडवी जाते आणि वाळकं पाचट पायात येतं. विमान सापडलं, पण मी कुठून आलो ते सापडेना. चारी बाजूंना सारखंच. फोन कोटात होता, कोट खुर्चीवर. मग लाऊडस्पीकरवर भटजींचा आवाज आला, मुलीच्या मामांनी ताबडतोब मांडवात यावं. थोड्या वेळाने पुन्हा. मग मानसिंगराव स्वतः बोलले, सोलापूरचे सयाजीराव, जिथं असाल तिथनं या, पोरगी थांबलीय. मी ओरडलो. बँड वाजत होता. ज्या बाजूने आवाज येतो तिकडे चालत राहिलो, आवाज सगळीकडूनच येत होता.

मुहूर्त टळत चालला असणार. मंगलाष्टकं सुरू झाली. मी उसात उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शेवटी सगळे सावधान म्हणाले तेव्हा मी विमानाचा डबा उघडला आणि फुलं वर उडवली. मूठमूठ करून सगळी उडवली. निम्मी माझ्याच फेट्यावर पडली. तेव्हा मला रडू आलं. कोणी नव्हतं म्हणून मी ते थांबवलं नाही.

पण ड्रोन वर होता. मंगलाष्टकांच्या वेळी ड्रोनवाल्याने तो मला शोधायला उसावर नेला होता. अक्षता पडल्या त्या क्षणी एलईडी पडद्यावर नवरा-नवरी नव्हती. उसात फेटा बांधून एकटाच फुलं उडवणारा मी होतो. पाहुण्यांनी ते पाहिलं. चनमल्लप्पा म्हणतात, काही जण हसले, काही जण न्हाई हसले. कोण हसलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी बाहेर आलो तेव्हा पंगत बसली होती. माझ्या गालावर उसाच्या पानांनी ओरखडे पडले होते, मानसिंगरावांनी खिशातला रुमाल दिला. त्यांनी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. विमान मी उसातून निघताना तिथेच विसरलो होतो. काल तोडणीच्या टोळीबरोबर फिरून शोधलं. पंख मोडलाय.

वैष्णवीच्या मागे वैजयंती उभी राहिली. बायका मामाच्या जागी उभ्या राहत नाहीत, भटजी तसं म्हणालेही. ती म्हणाली, मामा उसात हाय, त्येचं घरचं माणूस हितं हाय, तुमी सुरू करा. आणि उभी राहिली. हे मला चनमल्लप्पांनी येताना गाडीत सांगितलं. ती पुढच्या सीटवर बसली होती.

पाठवणीच्या वेळी वैष्णवी माझ्या पाया पडली. मी उसातून बाहेर आल्यापासून म्हणायचं ठरवलेलं सगळं बोलू लागलो. मेन्यू, चिनी अक्षरं, सरी. तिने ऐकून घेतलं, नेहमीसारखं. मग म्हणाली, काका, तुमची फुलं मी पडद्यावर पाहिली. खरंच छान पडली. पण हार घालायच्या आधी मी मागं वळून बघितलं तेव्हा तुम्ही नव्हता.

मी परवापासून यावर काय कारण लिहावं ते शोधतोय. लाईट होती. वारं नव्हतं.